वळिवडे : युद्धाने बेघर केलेल्या मायलेकरांचा पाच वर्षांचा आसरा

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधील सुमारे ५ हजार निर्वासितांना आश्रय मिळाला होता. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास अभिवादन केले, तेव्हा या इतिहासाला पुन्हा उजाळा मिळाला. युद्धग्रस्तांना अन्न आणि छप्पर दिले की मदतीचे काम संपते का, या प्रश्नाचे उत्तर वळिवडेच्या अनुभवात सापडते.

सायबेरियातून कोल्हापूरला

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि पाठोपाठ सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत राजवटीने १९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया आणि कझाकस्तानमध्ये हद्दपार केले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला चढविल्यानंतर चित्र पालटले. लंडनस्थित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलैमध्ये करार होऊन या लोकांच्या सुटकेचा मार्ग खुला झाला. १९४२ मध्ये १ लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचले. उपासमार आणि रोगराईने अनेकांचा वाटेतच बळी घेतला होता.

धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. मागे राहिलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारतात पाठविण्यात आले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुख्यतः अनाथ मुलांसाठी शिबिर उघडले. कुटुंबांसाठीची मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात उभारण्यात आली.

शिबिर नव्हे, गाव

वळिवडे येथे लांबलचक बराकींचे भाग पाडून कुटुंबांना स्वतंत्र खोल्या देण्यात आल्या. शाळा, रुग्णालय, चर्च, टपाल कार्यालय आणि नाट्यगृह वसाहतीतच होते. कुटुंबांना भत्ता मिळे व ती आपला स्वयंपाक आपणच करीत. भाजीपाला आणि किराणा स्थानिक विक्रेत्यांकडून घेतला जाई. या व्यवहारातून काही विक्रेते पोलिश बोलू लागले, असे कोल्हापुरात आजही सांगितले जाते. आजारी मुलांच्या उपचारांसाठी पाचगणी येथे आरोग्यकेंद्र होते.

मुलांचे शिक्षण पोलिश भाषेतून, प्राथमिक ते माध्यमिक इयत्तांपर्यंत चाले. बालवीर पथकेही होती. हद्दपारीत बालपण हरवलेल्या मुलांना दिनक्रम परत मिळाला. आयांनाही रांगेत उभे राहून शिजलेले अन्न घेण्याऐवजी स्वतःची चूल मिळाली.

खर्च कोणी करायचा?

वसाहतीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत असे. मात्र जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली आणि वळिवडेतील कुटुंबांचा आधारच डळमळीत झाला. त्यांच्यापैकी अनेकांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. युद्ध संपले, परंतु परतण्यासाठी घर उरले नाही. पुढे ही जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेकडे आली. १९४६ मध्ये बालाचडीचे शिबिर बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवडेत आली. १९४८ पर्यंत बहुतेक जण ब्रिटन व अन्य देशांत गेले, तर काही पोलंडला परतले.

रिकाम्या झालेल्या बराकींना लगेच नवे रहिवासी मिळाले. फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथे वसविण्यात आले. कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर त्यातूनच आकाराला आले.

आजचा संदर्भ

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयानुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख लोक सक्तीने विस्थापित झाले होते. त्यांत सुमारे ४० टक्के मुले होती. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो स्त्रिया आणि मुले बाहेर पडली, तेव्हा त्यांच्यासाठी सर्वप्रथम दारे उघडणाऱ्या देशांत पोलंड होता.

तंबू, औषधे आणि धान्य यांनी पहिले काही आठवडे निभावतात. त्यानंतर शाळा, रोजचा खर्च चालविण्याचे साधन आणि परतण्याची किंवा स्थायिक होण्याची खात्री लागते. वळिवडेत पहिल्या दोन गोष्टी आरंभापासून मिळाल्या. तिसरीसाठी मात्र युद्ध संपल्यानंतरही सुमारे तीन वर्षे वाट पाहावी लागली.