सुट्टीतली दुपार आणि शेततळं

एप्रिल-मे म्हणजे आपल्या गोदाकाठी उन्हाळ कांदा काढायचा, कापायचा, चाळीत भरायचा. आपण सकाळीच शेतात जातो. शाळा उघडणार जूनच्या मध्यात. घरी आजी असते, पण दुपारी तिचाही डोळा लागतो. तेवढ्यात पोरं निघतात पाण्याकडे.

नदीची भीती आपल्याला ठाऊक आहे. दारणा-गंगापूरचं आवर्तन सुटलं की गोदावरीचं पाणी चढतं, हे मुलांनाही माहीत असतं. शेततळ्याचं मात्र तसं नाही. ते शांत दिसतं, घराजवळ असतं. पण त्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसतं. म्हणून तळ्याला कुंपण हवंच. शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंटाला पक्का बांधून पाण्यात सोडावा. खर्च फार नाही. कोणी पडलंच तर मागे उडी घेऊ नये. दोर, बांबू, नाहीतर अंगावरची साडी टाकावी, आरडाओरड करून माणसं जमवावीत आणि १०८ ला फोन लावावा.

नुसतं "तिकडे जाऊ नका" म्हणून पोरं थांबत नाहीत. त्यांना दुपारी बारा ते चार काहीतरी हवं. आम्ही गटात पाळी लावतो. रोज एक बाई मागे थांबते, वस्तीवरची सगळी मुलं एका ओट्यावर नाहीतर चिंचेखाली. खरा प्रश्न येतो तो तिच्या बुडालेल्या रोजाचा. तो बाकीच्यांनी वाटून द्यावा, हे बैठकीत आधीच ठरवून वहीत लिहावं. मनात ठेवलं की चार दिवसांत पाळी मोडते.

खेळायला विकत काही आणावं लागत नाही. चिंचोके फोडून एक बाजू दगडावर घासली की पांढरी होते, झाले फासे. खडूने पट आखला की दुपार जाते. सागरगोटे आहेत, मक्याच्या ताटांच्या बैलगाड्या आहेत. मोठ्या मुलाने गोष्ट मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. साने गुरुजींनी १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' यासाठी चांगली. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला त्याची आई पोहायला धाडते, ती गोष्ट तर जरूर वाचा. आपल्याकडेही पाठीला डबा बांधून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, मुलांना पोहायला शिकवायलाच हवं. मुलींनाही.

मुलींवरून आठवलं. पोरगा विटीदांडू खेळतो आणि दहा वर्षांची पोरगी कडेवर भावाला घेऊन कुरडयांवरचे कावळे हाकते. तिला सुट्टी कुठे मिळाली? ओट्यावर तिचीही जागा धरा, वाळवणाची राखण आळीपाळीने सगळ्यांना द्या. लहान बाळ पाळीवरच्या बाईकडे.

चारनंतर ऊन उतरलं की लगोरी, आट्यापाट्या, काय हवं ते खेळू द्या. जाताना पाळीवरच्या बाईने मुलं मोजून ज्याच्या त्याच्या घरी सोडावीत. एक जरी कमी भरलं, तर पहिल्यांदा शेततळ्याकडे धावावं, मग बाकी घरं बघावीत.