बोरिंग बारचा ताठपणा

पुण्याजवळच्या वाघोलीपासून नगर रस्त्याने सणसवाडी-रांजणगावकडे पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात बुश, हब यांसारख्या पोकळ जॉबचा आतला व्यास लेथवर मापात आणण्यासाठी जे हत्यार वापरतात, त्याला बोरिंग बार म्हणतात. बाहेरून कापणारे हत्यार आखूड धरता येते. बोरिंग बारची जाडी मात्र भोकाच्या व्यासाने आणि लांबी भोकाच्या खोलीने बांधलेली असते, त्यामुळे एकाच टोकाला पकडलेल्या या दांड्याचे मोकळे टोक कापण्याच्या बलाने वाकते. इंग्रज लोहउद्योजक जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर बोअर करताना बारला दोन्ही टोकांना आधार दिला होता. पण ती सोय आरपार भोकातच शक्य असते.

हा वाक हत्यार पकडणाऱ्या टूलपोस्टबाहेर काढलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. २० मिमी व्यासाचा पोलादी बार ८० मिमी बाहेर काढला आणि टोकावर सुमारे ३० किलो वजनाइतके बल आले, तर तो अंदाजे ०.०३ मिमी वाकतो. लांबी १२० मिमी केली की वाक ०.१ मिमीपर्यंत जातो, म्हणजे अचूक बोअरचे माप हातचे गेलेच. तोच बार २५ मिमी जाडीचा घेतला, तर वाक निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून चिप बाहेर पडण्यापुरती मोकळीक सोडून मावेल तेवढा जाड बार घेणे, हा आराखड्याचा पहिला नियम ठरतो.

पोलाद कठीण केले की बार ताठ होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. ताण दिल्यावर धातू किती लवचिकपणे ताणला जाईल हे दाखवणारा यंग गुणांक मऊ आणि कठीण पोलादात जवळजवळ सारखाच असतो. पाणी देऊन कठीण केल्याने झीज कमी होते, वाक नव्हे. टंगस्टन कार्बाइडचा गुणांक पोलादाच्या अडीच ते तीन पट असल्यामुळे पोलादी बार व्यासाच्या चौपट बाहेर काढता येतो, तिथे कार्बाइडचा सहापट चालतो. पण तो ठिसूळ असल्याने इन्सर्टची, म्हणजे टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, बैठक पोलादाचीच ठेवतात.

एवढे करूनही पकड सैल असेल, तर सारा हिशेब फसतो. एका स्क्रूखाली दाबलेल्या गोल बारपेक्षा चिरलेल्या स्लीव्हमध्ये सर्व बाजूंनी, व्यासाच्या तिप्पट-चौपट लांबीवर आवळलेला बार कितीतरी ताठ राहतो. इन्सर्टच्या टोकाची गोलाई लहान आणि कापणारी धार अक्षाशी काटकोनाजवळ ठेवली, तर बल बारला आडवे ढकलण्याऐवजी त्याच्या लांबीच्या दिशेने जाते आणि चॅटर, म्हणजे पृष्ठभागावर लाटा उमटवणारी थरथर, आटोक्यात राहते.