यकृताच्या कर्करोगातील दीर्घ असंकेतक आरएनए

दीर्घ असंकेतक आरएनए म्हणजे २०० न्यूक्लिओटाइडांहून अधिक लांबीचे, परंतु सामान्यतः प्रथिननिर्मितीचा संकेत नसलेले आरएनए रेणू होत. कोणते जनुक केव्हा व किती कार्य करील, याच्या नियंत्रणात यांपैकी अनेकांचा वाटा असतो. हे नियंत्रण बिघडल्यास पेशींच्या अनिर्बंध वाढीस साहाय्य होऊ शकते. यकृताच्या कर्करोगातील याचे बरेच अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे 'एचयूएलसी' हा आरएनए होय.

पार्श्वभूमी

डीएनएमधील माहिती आरएनएमध्ये उतरते आणि तिच्यानुसार प्रथिन तयार होते. मात्र मानवी जनुकसंचाचा दोन टक्क्यांहून कमी भाग प्रथिनांचे संकेत धारण करतो. उरलेल्या भागापैकी पुष्कळसा भाग आरएनएमध्ये उतरत असला, तरी तो पूर्वी निरुपयोगी मानला जाई.

यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगांमध्ये यकृतपेशींचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. हिपॅटायटिस बी व सी विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्यपान, यकृतातील मेदवृद्धी आणि बुरशी लागलेल्या भुईमूग-मक्यातील अफ्लाटॉक्सिन ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

एचयूएलसीचे कार्य

सहाव्या गुणसूत्रावरील जनुकापासून तयार होणाऱ्या या आरएनएचे वर्णन ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. 'यकृताच्या कर्करोगात अतिशय वाढलेला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले.

पेशीतील मायक्रोआरएनए हे लहान रेणू काही प्रथिनांच्या निर्मितीस आळा घालतात. एचयूएलसी हा मायक्रोआरएनए-३७२ ला स्वतःशी बांधून घेतो. त्यामुळे त्याने रोखून धरलेल्या एका विकराचे प्रमाण वाढते. हे विकर 'क्रेब' प्रथिनास कार्यान्वित करते आणि क्रेब पुन्हा एचयूएलसीची निर्मिती वाढवते. अशा रीतीने स्वतःलाच बळ देणारे चक्र सुरू होते.

हिपॅटायटिस बी विषाणूचे 'एक्स' प्रथिनही एचयूएलसीचे प्रमाण वाढवते. परिणामी पेशीविभाजनास लगाम घालणारे पी१८ जनुक दबले जाते, असे २०१२ मधील संशोधनात दिसून आले.

सर्वच दीर्घ असंकेतक आरएनए कर्करोगास पोषक नसतात. 'एमईजी३' पेशींची वाढ रोखतो आणि यकृताच्या कर्करोगात त्याचे प्रमाण घटलेले आढळते.

निदान, उपचार व प्रतिबंध

एचयूएलसी रुग्णांच्या रक्तातही आढळतो. म्हणून निदानासाठी त्याचा उपयोग होईल का, याचा अभ्यास झाला आहे. प्रचलित तपासणी मात्र सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय आणि रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन यांवर आधारलेली आहे. एखादा रेणू गाठीत वाढलेला आढळला, एवढ्यावरून तो रोगाचे कारण ठरत नाही. त्यासाठी तो रेणू रोखल्यावर पेशींची वाढ मंदावते का, हे पाहावे लागते. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये मिळालेले असे निष्कर्ष म्हणजे रुग्णांवरील सिद्ध उपचार नव्हेत.

प्रतिबंधाचा प्रभावी उपाय मात्र उपलब्ध आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्यास प्रारंभ केल्यानंतर तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातही ही लस समाविष्ट असून, तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते.