माळ्यावरच्या वस्तूंचा पुढचा पत्ता

शब-ए-बारात उलटली, की तिसगावातल्या मुस्लिम घरांत माळे खाली यायला लागतात. ट्रंका अंगणात येतात, गाद्या उन्हात पडतात, कपाटे भिंतीपासून पुढे सरकतात. रमजानचा चाँद दिसायला तेव्हा जेमतेम पंधरवडा उरलेला असतो. एकदा रोजे सुरू झाले की पहाटे सहरी, दिवसभर उपवास, संध्याकाळी इफ्तार आणि रात्री तरावीहची नमाज. मग घर खालीवर करायला ना वेळ उरतो, ना अंगात ताकद. म्हणून मोठी आवराआवर शाबान महिन्यातच उरकायची आणि राहिलेली ईदेच्या तोंडावर, शेवटच्या दहा दिवसांत करायची, अशी पद्धत पडली आहे.

शेजारच्या हिंदू घराला यात नवल वाटत नाही. घट बसण्याआधी गोधड्या धुणे, जळमटे काढणे, डबे घासणे हे तिथेही असतेच. फरक एवढाच, की नवरात्राची साफसफाई दरवर्षी भाद्रपदाच्या अखेरीला येते आणि रमजानची साफसफाई सगळ्या ऋतूंतून फिरते. इस्लामी वर्ष चंद्राचे, साधारण ३५४ दिवसांचे. त्यात अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत ऋतूंची एक फेरी पूर्ण करतो. २००६ साली २३ सप्टेंबरला घट बसले आणि २५ सप्टेंबरला पहिला रोजा झाला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते आणि ईद २५ ऑक्टोबरला. पुढे २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. अशा वर्षी सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी झाडू फिरतात. तिकडे इराणमध्येही २०-२१ मार्चच्या सुमारास नवरोज येतो, आणि त्याआधीच्या घरसफाईला 'खाने-तकानी' म्हणतात. शब्दाचा अर्थ, घर हलवून काढणे.

धूळ झटकायला फार विचार लागत नाही. विचार लागतो तो पुढे. माळ्यावरून जे खाली आले, ते परत वर चढवायचे की दाराबाहेर पाठवायचे? आणि बाहेर पाठवायचे तर कोणाकडे?

वस्तूंची जुनी वाट

एकेकाळी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. पाथर्डी-शेवगावचा पट्टा कपाशीचा. आसपासच्या रानातलाच कापूस गादीत भरला जाई. काही वर्षांनी त्याचे गोळे झाले, गादी दगडासारखी झाली, की पिंजारी येई. नदाफ आणि मन्सुरी या नावांनीही ओळखला जाणारा हा मुस्लिम कारागीर समाज. धनुष्यासारख्या पिंजणाच्या तातेवर ठोके पडू लागले, की दबलेला कापूस फुलून येई. कापूस तोच, खोळ नवी, आणि गादी पुन्हा दहा वर्षांना बांधलेली. पिंजाऱ्याचे गिऱ्हाईक सगळ्या जातीधर्मांचे. तो नवरात्राआधीही येई आणि रमजानआधीही.

तीच गोष्ट कल्हईवाल्याची. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथिलाचा लेप हवा. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचे. काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे लखलखायचे. ईदेच्या शिरखुर्म्याचे दूध ज्या देगचीत तापणार, तिला ईदेआधी कल्हई झालीच पाहिजे, असा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा दंडक असे.

जुन्या लुगड्याची वाट तर सर्वांत लांब. आधी नेसणे, मग घरात वापरणे, मग गोधडीचा थर, मग पोतेरे. त्यातून काही वाचलेच तर ते बोहारणीच्या डोक्यावर जायचे आणि घरात एखादे पातेले यायचे. बोहारणीने नेलेला कपडा आजही वाया जात नाही. धडका असेल तो दुरुस्त होऊन शहरांतल्या जुन्या बाजारांत विकला जातो. अगदी फाटका कारखान्यांत यंत्रे पुसायला जातो. जुन्या लोकरी कपड्यांपासून हरियाणातल्या पानिपतला पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेटे विणतात.

अडचण नव्या वस्तूंची आहे. फोमची गादी पिंजता येत नाही. नॉनस्टिक तव्याचा थर निघाला तर त्याला कल्हई नाही. पॉलिस्टरची साडी गोधडीत टोचते आणि घाम टिपत नाही. बिघडलेले चार्जर, जुने मोबाइल, फुगलेल्या बॅटऱ्या यांना घरात गिऱ्हाईक नाही. या वस्तू एकतर माळ्यावर चढतात किंवा रस्त्याच्या कडेला ढिगात पडतात आणि संध्याकाळी पेटवल्या जातात. विद्युत कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांत अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. निदान वायरी आणि बॅटऱ्या जाळायच्या नाहीत, बाकीच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत, एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

आणि पाणी. हा तालुका पर्जन्यछायेतला. मिरी-तिसगाव योजनेचे पाणी नळाला कधी येणार यावर इथल्या गृहिणीचा दिवस ठरतो. सफाई म्हणजे बादल्याच्या बादल्या ओतणे, हे या गावाला परवडत नाही आणि धर्मालाही मान्य नाही. पैगंबरसाहेब एका 'मुद'मध्ये वुजू करत, असे हदीसमध्ये येते. मुद हे जुने माप, लिटरभराच्या आसपासचे. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, ही त्याच परंपरेतली शिकवण. गोधड्या भिजवलेले पाणी अंगणात, अंगणातले उरलेले लिंबाच्या मुळाशी, हा हिशेब तिसगावच्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही.

गरज कोणती, जास्तीचे कोणते

रमजानात जकातीचा हिशेब होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड अथवा व्यापाराचा माल ज्याच्याकडे वर्षभर आहे, त्याने अडीच टक्के गरजूंना द्यायचे. राहते घर, अंगावरचे कपडे, वापरातली भांडी, धंद्याची हत्यारे यांवर जकात नाही. फिकहच्या भाषेत ही 'हाजत-ए-असलिया', म्हणजे मूळ गरज.

आवराआवरीशी जास्त जवळचा आहे तो फित्रा. ईदेच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत द्यायची. तो कोणावर लागू होतो हे ठरवताना हनफी परंपरेत एक बारकावा आहे. सोने-चांदी आणि रोकड यांच्या जोडीला घरात गरजेपेक्षा जास्त पडून असलेले सामानही मोजले जाते. वर्षानुवर्षे न उघडलेला डिनर सेट, वापरात नसलेले पलंग, घडीही न मोडलेल्या साड्या हे सारे मिळून त्या मर्यादेपर्यंत पोहोचले, तर हातात पैसा नसला तरी तो माणूस देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. म्हणजे माळ्यावर काय पडले आहे याची यादी करणे हा नुसता घरकामाचा भाग उरत नाही.

आणि 'पुरेसे' म्हणजे किती, हे पाहायला तिसगावकराला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी तालुक्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत मावतो. दोन-चार पातेली, तवा, अंथरूण-पांघरूण, धान्याची गोणी, लेकरांची दप्तरे. हा त्यांचा नाइलाज आहे, निवड नव्हे. त्याचे कौतुक करणे क्रूरपणाचे होईल. पण हंगाम संपून ही माणसे गावी परततात तेव्हा, त्याच रस्त्यावरच्या एखाद्या घरात तीन पिढ्यांच्या ताटवाट्या कुलपात असतात. ज्याने त्याने आपला हिशेब करावा.

देताना काय द्यावे

इथेच एक घसरण होते. माळा रिकामा करायचा आणि नको ते गरिबाच्या पदरात टाकून पुण्य जोडायचे, ही पळवाट सोपी आहे. कॉलर फाटलेला शर्ट, झाकण नसलेला कुकर, एकाच पायातली चप्पल असे गाठोडे दारात आलेल्या बाईपुढे ठेवले जाते. तिला नाही म्हणता येत नाही. पुढच्या वळणावर ती ते टाकून देते. आपला कचरा तिच्या हातून टाकून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. दानाविषयी कुराणाच्या सूरह बकरामध्ये स्पष्ट बजावले आहे, की जे आपल्याला कोणी दिले तर डोळेझाक केल्याशिवाय आपण घेणार नाही, असले निकृष्ट निवडून देऊ नये.

जुनी वस्तू देण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र ती धुतलेली, शिवलेली, चालू असलेली हवी. शिलाई मशीन द्यायचे तर तेल घालून, पट्टा बदलून द्यावे. सायकलच्या दोन्ही चाकांत हवा असावी. शाळेचे दप्तर द्यायचे तर चेन नीट करून. शक्य असेल तर आधी विचारावे, "ताई, हे तुमच्या उपयोगाचे आहे का?" नाही म्हणण्याची मोकळीक असली, तरच घेणाऱ्याचा मान राहतो. जुनी शेगडी जकातीत धरायची असेल, तर तिची आजची बाजारकिंमत धरावी लागते. विकत घेतली तेव्हाची चालत नाही. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. पण ऐच्छिक दान, ज्याला सदका म्हणतात, ते कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते. बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला भांडे देताना जात-धर्म विचारण्याचे कारण नाही.

कागद फेकण्याआधी

सगळ्यांत जपून हात लावायचा तो ट्रंकेच्या तळाशी असलेल्या कागदांना. आजोबांना उर्दू येत होते, कोणाच्या पणजोबांना मोडी येत होती. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत गेली. घरातला जो कागद वाचता येत नाही, तो एकतर पवित्र ठरतो किंवा निरुपयोगी. उर्दू लिपीतली हिशेबाची वही कुराणाच्या जीर्ण पानांबरोबर कापडात गुंडाळून दफन होते. मोडीतला खरेदीखताचा कागद पोथ्यांबरोबर नदीत जातो, नाहीतर रद्दीत. दोन्ही घरांत भावना चांगलीच असते आणि दोन्ही घरांत नुकसान सारखेच होते.

या कागदांची किंमत अलीकडे सगळ्यांनी पाहिली. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पाथर्डीला लागून बीड जिल्हा. सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाचा अंमल होता आणि कारभार उर्दूत चाले. इकडच्या कुटुंबांचे तिकडे सोयरसंबंध आहेत. एखाद्या ट्रंकेत दोन राज्यांचे, दोन लिप्यांचे कागद निघाले तर आश्चर्य नको. निकाहनाम्यावर मेहेरची रक्कम असते, खतावर शिवाराच्या खुणा असतात, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते. हे कागद उद्या वारसाच्या दाव्यात लागतील किंवा निव्वळ पणजीचे नाव कळायला.

इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे २२ खंड झाले. कैरोच्या एका सिनेगॉगमधली गोष्ट तर जगभर माहीत आहे. देवाचे नाव असलेला कागद फेकू नये, म्हणून तिथले ज्यू लोक तो एका खोलीत टाकत राहिले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले जवळपास दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्यांची नऊशे वर्षांपूर्वीची पत्रे या खोलीतल्या कागदांत सापडली.

तेव्हा नियम साधा ठेवावा. वाचून घेतल्याशिवाय कागद ना पुरायचा, ना विसर्जित करायचा, ना विकायचा. उर्दूसाठी मशिदीतले मौलानासाहेब किंवा उर्दू शाळेतले गुरुजी आहेत, मोडीसाठी नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात चौकशी करता येते. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर नकोच. दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. जुन्या सुती साडीच्या धडक्या तुकड्यात बांधून, वाळवी आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवावा. कुराणाच्या कापडी वेष्टनाला जुजदान म्हणतात आणि पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या बासनांना रुमाल. दोन्हींची युक्ती एकच. आजीच्या लुगड्याला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण.

रमजानचे शेवटचे दहा दिवस येतील तेव्हा ईदेआधीची दुसरी सफाई निघेल. पडदे धुतले जातील, शेवयांचे डबे भरतील. त्यासोबत एक काम वेळेवर उरकावे. फित्रा जसा ईदेच्या नमाजाआधी पोहोचला पाहिजे, तसेच बाजूला काढलेले कपडे, भांडी, सायकल, मशीनही चाँदरातीच्या आत ज्याच्या त्याच्या घरी गेलेले बरे. घेणाऱ्यालाही ईदेच्या सकाळी ते अंगावर घालता येते, चुलीवर ठेवता येते. माळ्यावर मोकळी झालेली जागा लगेच भरायची घाई नको. पुढचा शाबान दहा-अकरा दिवस लवकरच येणार आहे.