विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरात निकामी झाला, तर?

धंद्यात नुकसान दोन प्रकारचे असते. एक नुकसान दुकानातल्या मालाचे. भाव उतरला, माल पडून राहिला, गोदामात पाणी शिरले. हे व्यापाऱ्याला दिसते आणि तो ते वहीत मांडतो. दुसरे नुकसान विकून झालेल्या मालाचे. पैसे गल्ल्यात आले, गिऱ्हाईक वस्तू घेऊन घरी गेले आणि थोड्याच दिवसांत कंपनीने तो मालच बंद केला. हे नुकसान आपल्या वहीत येत नाही, परंतु गिऱ्हाईक ते विसरत नाही. असे झाले तर तोटा कोणी सोसायचा? हाय डेफिनिशन व्हिडिओच्या धंद्यात अमेरिकेत २००६ ते २००९ या काळात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. तेथे जे घडले ते आपल्या दुकानदार व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

मुलांचा चित्रपट विकत का घेत?

मोठी माणसे एक चित्रपट बहुधा एकदाच पाहतात. त्यामुळे ती कॅसेट किंवा तबकडी भाड्याने आणत व परत करत. लहान मुलांचे तसे नसते. आवडलेला चित्रपट ती दररोज मागतात आणि शेवटी आईबाप तो विकतच घेत. म्हणून घरगुती व्हिडिओच्या विक्रीचा मोठा आधार कुटुंबासह पाहण्याचे चित्रपट होते. डिस्ने कंपनीने हे कॅसेटच्या जमान्यातच ओळखले होते. १९९५ साली कॅसेटवर आलेल्या 'द लायन किंग'च्या प्रती कोटींच्या हिशेबात खपल्या. जुना चित्रपट काही काळ बाजारात आणायचा, मग 'तिजोरीत' बंद करायचा आणि काही वर्षांनी नव्या पिढीतील मुलांसाठी पुन्हा काढायचा, अशी या कंपनीची रीत होती. २०१९ च्या नोव्हेंबरात डिस्नेची स्वतःची इंटरनेट सेवा सुरू झाली, तेव्हा या तिजोरीचा काळ संपला.

दोन तबकड्या, एक घर

साध्या डीव्हीडीवर एका थरात ४.७ जीबी माहिती मावते. २००६ साली तिच्या जागी एकाच आकाराच्या दोन नव्या तबकड्या बाजारात उतरल्या. तोशिबाच्या एचडी डीव्हीडीवर एका थरात १५ जीबी, तर सोनी व तिच्या साथीदारांच्या ब्लू-रेवर २५ जीबी माहिती मावत असे. दोन्हींत निळसर जांभळा लेसर होता आणि पडद्यावर चित्र सारखेच स्वच्छ दिसे. परंतु एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालत नसे. एचडी डीव्हीडीची घडण जुन्या डीव्हीडीच्या जवळची होती, म्हणून जुने कारखाने थोडा बदल करून ती काढू शकत. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघा ०.१ मिलिमीटर खोल. ओरखडा पडला तर ती खराब होईल, म्हणून तिच्यावर कठीण लेप द्यावा लागला. या लेपाचा मुलांच्या हाताळणीत पुढे उपयोगच झाला.

खरी पंचाईत गिऱ्हाइकाची झाली. डिस्ने ब्लू-रेकडे होती. पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन या कंपन्यांनी ऑगस्ट २००७ मध्ये फक्त एचडी डीव्हीडीचा करार केला. या करारापोटी दोघींना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचा मोबदला मिळाल्याची बातमी त्या वेळी अमेरिकन वृत्तपत्रांनी दिली होती. परिणाम असा झाला की नोव्हेंबर २००७ मध्ये 'रॅटाटुई' आणि 'कार्स' ब्लू-रेवर आले, तर त्याच महिन्यात 'श्रेक द थर्ड' एचडी डीव्हीडीवर आला. घरातल्या एका मुलाला उंदीर हवा आणि दुसऱ्याला श्रेक हवा, तर बापाने दोन यंत्रे घ्यावीत काय? शहाण्या गिऱ्हाइकाने काहीच घेतले नाही. साधी डीव्हीडी दोन्ही चित्रपटांना पुरत होती.

९९ डॉलरची गर्दी

माल उठत नाही असे पाहून भाव पाडण्यात आला. पहिल्या वर्षी ४९९ डॉलरला विकले गेलेले तोशिबाचे यंत्र आता नव्या रूपात स्वस्त झाले. नोव्हेंबर २००७ च्या आरंभी वॉलमार्टने ते ९९ डॉलरहून कमी भावात काढले आणि लोकांनी गर्दी केली.  महागडे यंत्र न परवडणारा माणूसही अशा वेळी पुढे येतो.

त्यानंतर साडेतीन महिन्यांत सारा खेळ आटोपला. तोपर्यंत दोन्ही प्रकारांत चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर कंपनीने ४ जानेवारी २००८ रोजी यापुढे फक्त ब्लू-रे काढू असे जाहीर केले. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट त्याच बाजूला गेले. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने धंदा गुंडाळला. ज्यांनी ९९ डॉलर मोजले होते, त्यांचे यंत्र जुन्या तबकड्या लावण्यापुरतेच उरले.

तोटा कोणी सोसला?

कायद्याने पाहिले तर दुकानदारावर कसलीच जबाबदारी नव्हती. यंत्र चालत होते, पावती फाटली होती. परंतु बेस्ट बाय या दुकानांच्या साखळीने आपल्याकडून एचडी डीव्हीडीचे यंत्र घेतलेल्यांना ५० डॉलरचे खरेदीपत्र दिले. ज्याने ९९ डॉलर दिले होते, त्याचे निम्मे पैसे असे परत आले, आणि ते खर्च करायला तो त्याच दुकानात गेला. दुकानदाराने तोटाही वाटून घेतला आणि गिऱ्हाईकही राखले.

वॉर्नरने २००९ मध्ये आणखी एक सोय केली. एचडी डीव्हीडीच्या वेष्टनाचा कागद पाठवा, ४.९५ डॉलर आणि टपालखर्च भरा, तोच चित्रपट ब्लू-रेवर घ्या. कंपनीला तबकडी छापायला फारसा खर्च नव्हता. तिला परत मिळाला तो गिऱ्हाइकाचा भरवसा, आणि नव्या मालाच्या विक्रीला हाच भरवसा लागतो.

डिस्नेने तर तोटा होण्याआधीच वाट काढली. 'स्नो व्हाइट' हा १९३७ चा चित्रपट तिने ऑक्टोबर २००९ मध्ये ब्लू-रेवर आणला, तेव्हा त्याच डब्यात साधी डीव्हीडीही घातली. आज घरात जुने यंत्र आहे? डीव्हीडी लावा. उद्या नवे घेतले? ब्लू-रे तयार आहे. नुसती डीव्हीडी काही आठवड्यांनी वेगळी आली. 'आता घेतले आणि उद्या फुकट गेले' ही घरधन्याची भीती एका डब्याने दूर केली.

आपल्या बाजारासाठी

आपल्याकडे ब्लू-रेने जोर धरला नाही. त्याचे एक कारण भाव. मोझर बेअर कंपनीने २००७ साली व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत विकायला काढली होती. त्या भावाची सवय झालेले गिऱ्हाईक कित्येक पट पैसे कशाला मोजेल? पुढे इंटरनेटवर चित्रपट आले आणि स्वस्त तबकडीही गेली. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत विक्रीला निघाली. अमेरिकेतही नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठविणे सप्टेंबर २०२३ मध्ये थांबविले आणि त्याच बेस्ट बायने २०२४ मध्ये चित्रपटांच्या तबकड्या विकणे बंद केले. म्हणजे जिंकलेली ब्लू-रेसुद्धा फार काळ राज्य करू शकली नाही.

तबकड्या गेल्या तरी प्रश्न जागेवर आहे. मोबाईलचे चार्जर, टीव्ही, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, सगळ्यांत आजचा माल उद्या जुना होतो. यातून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, एखादा माल अचानक निम्म्या भावात येऊ लागला, तर भरपूर उचलण्याआधी कंपनी तो का काढून टाकते आहे हे विचारावे. दुसरी, जुना माल विकायचाच असेल तर 'याचे सुटे भाग पुढे मिळणे कठीण आहे' असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे आणि त्याप्रमाणे भाव लावावा. तिसरी, जुन्या आणि नव्याला जोडणारी वस्तू नेहमी दुकानात ठेवावी. बदलाच्या काळात सर्वांत आधी तीच खपते.

कारागीर बंधूंसाठी यात कामही आहे. घरोघरी लग्नाच्या, अकीक्याच्या, वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेटी पडून आहेत आणि त्या लावणारी यंत्रे नाहीशी होत आहेत. त्या उतरवून देणे हा मानाचा धंदा आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी. 'स्नो व्हाइट' हाय डेफिनिशनमध्ये येऊ शकला, कारण तो मुळात फिल्मवर होता आणि फिल्ममध्ये बारकावे भरपूर असतात. कॅसेटवर जे उतरलेच नाही ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. 'एचडी करून देतो' म्हणून जास्त पैसे घेणाऱ्याकडे गिऱ्हाईक एकदाच येते. 'आहे तसे जपून देतो' म्हणणाऱ्याकडे ते शेजाऱ्यालाही घेऊन येते.