फॉर्म भरलास का?

मार्क आहेत, अॅडमिशन झाली आहे, सरकारी योजनाही आहे... तरी स्कॉलरशिप अडकते ती एका दाखल्यात! धाकट्या भावंडांसाठी तुमच्या दोन-तीन संध्याकाळी काढा, बॉस.

घरात ज्याला पहिल्यांदा एसीतली, कॉम्प्युटरवरची नोकरी लागते, तो त्या अख्ख्या खानदानाचा कस्टमर केअर होतो. लाइटबिल भरा, एसटीचं रिझर्वेशन करा, मावशीच्या फोनमधून गायब झालेले फोटो शोधून द्या. आणि बारावीचा निकाल लागला की गावाकडून हमखास फोन येतो, 'अरे, आपल्या बारक्याचं ते ऑनलाइनचं जरा बघ की!'

बाकीचं ठीक आहे, पण हे 'जरा बघ की' सीरियसली घ्या. समजा, इंजिनीअरिंग कॉलेजची वर्षाची ट्यूशन फी एक लाख आहे. त्यातले निम्मे, आणि मुलगी असेल तर कदाचित सगळेच पैसे सरकार भरू शकतं. चार वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. एवढी रक्कम घरच्यांना कर्ज काढून उभी करावी लागते, किंवा मग पोरगा 'नको, बीए करतो' म्हणून गप्प बसतो. यातला वैतागाचा भाग असा, की बऱ्याचदा स्कॉलरशिप जाते ती मार्कांमुळे नाहीच. जाते आधार कार्डावरच्या स्पेलिंगमुळे, संपलेल्या दाखल्यामुळे, नाहीतर 'आपल्याला काय मिळणार?' या समजुतीमुळे.

'आपण तर ओपनवाले!'

या समजुतीपासूनच सुरुवात करू. स्कॉलरशिप म्हणजे फक्त राखीव प्रवर्गांसाठी, असं कित्येक घरांत अजून पक्कं बसलंय. महाराष्ट्रात 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना' आहे. हे लांबलचक नाव कॉलेजच्या ऑफिसात कुणी घेत नाही. तिथे तिला 'ईबीसी' म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ट्यूशन फीमध्ये ५० टक्के सवलत मिळते. अटी आहेतच. महाराष्ट्राचा अधिवास हवा, म्हणजे डोमिसाइल. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, आपल्या भाषेत 'कॅप राउंड'मधून झालेला हवा.

या शेवटच्या अटीवर जरा थांबा. स्कॉलरशिपचा विचार लोक अॅडमिशन झाल्यावर सुरू करतात, पण तिचा निकाल अर्धाअधिक अॅडमिशनच्या वेळीच लागलेला असतो! नावाजलेल्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली, की या सवलतीवर पाणी सोडलंच म्हणून समजा. त्यापेक्षा एक पायरी खालचं कॉलेज कॅपमधून मिळत असेल, तर दोन्हीकडचे चार-चार वर्षांचे खर्च कागदावर समोरासमोर लिहून बघा. काका-मामांच्या 'ब्रँड बघ, ब्रँड!'च्या गलक्यात हा कागद मांडायचं काम तुमचंच. घरात एक्सेल येणारे तुम्हीच ना?

मुलींसाठी तर चित्र बरंच बदललंय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. २०२४-२५ पासून हे लागू झालं. नव्यानेच नाही, तर आधी प्रवेश घेतलेल्या मुलींनाही. कॅपची अट इथेही आहेच. तुमच्या ओळखीतल्या घरात बहिणीच्या फीसाठी एफडी मोडायची चर्चा चालली असेल, तर आधी हा जीआर वाचायला द्या.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती यातली सगळ्यात जुनी. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय योजनेचा इतिहास १९४४ पर्यंत मागे जातो. उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख, आणि फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची फ्रीशिप आहे. भत्ता नाही, पण ट्यूशन आणि परीक्षा फी सुटते. हे माहीत नसल्यामुळे 'आमचं इन्कम जास्त आहे' म्हणून अर्जच न करणारी घरं असतात.

पोर्टल नावाचं प्रकरण

राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' या एकाच पोर्टलवर भरायचे असतात. समाजकल्याण, आदिवासी विकास, तंत्रशिक्षण, उच्चशिक्षण अशी निरनिराळी खाती या एका छताखाली आहेत. फंडा साधा आहे. आधारवरून नोंदणी करायची, प्रोफाइल भरायचं, जात-उत्पन्न-कोर्सची माहिती द्यायची. त्या माहितीवरून तुम्ही कुठल्या योजनांत बसता, हे पोर्टलच दाखवतं. म्हणजे योजनांची नावं पाठ करायची गरज नाही. पण प्रोफाइलमध्ये एक रकाना चुकला, तर हक्काची योजना यादीत दिसतच नाही! ती दिसली नाही म्हणून 'नसेलच' असं समजू नका. आधी प्रोफाइल पुन्हा तपासा.

नोंदणी करताना मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा? हसू नका, हा फार मोठा प्रश्न आहे. गावातल्या नेट कॅफेवाल्याने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो, पासवर्डही त्याच्याच वहीत असतो. पुढच्या वर्षी कॅफे बंद, नंबर बंद आणि पोरगा लॉगिनच्या दाराबाहेर. नंबर विद्यार्थ्याचाच हवा आणि तो आधारला जोडलेला हवा, कारण ओटीपी तिथेच येणार. पासवर्ड घरात लिहून ठेवा. देव्हाऱ्यात ठेवला तरी चालेल.

पाटील राहुल की राहुल पाटील?

आता येऊ या खऱ्या व्हिलनकडे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. बँकेच्या पासबुकावर वडिलांचं नाव गायब, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'राव' लावून! माणसाला कळतं, की हा एकच मुलगा आहे. कॉम्प्युटरला आणि कॉलेजच्या क्लार्कला ते कळलंच पाहिजे, असं नाही. क्रम वेगळा असला तर एकवेळ निभावतं, पण स्पेलिंगच वेगळं असेल तर आधार दुरुस्ती आधी करून घ्या. निकाल लागेपर्यंत थांबू नका. निकालानंतर सगळ्या जिल्ह्याची गर्दी त्याच केंद्रावर असते.

दुसरी गंमत उत्पन्नाच्या दाखल्याची. तहसीलदारांच्या या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणजे कुणी हुशारीने फेब्रुवारीतच दाखला काढून ठेवला, तर तो जुलैत शिळा! एप्रिल-मेमध्ये नवीन आर्थिक वर्षाचा दाखला काढायचा. वडील नोकरीत असतील तर फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला लागेल. शेती असेल तर तलाठ्याचा अहवाल लागेल. तलाठी कुठल्या दिवशी कुठल्या गावात असतो, ही माहिती मात्र अजून तरी एक्सेलमध्ये मिळत नाही, त्यासाठी आजोबांनाच विचारा.

आणि इथेच तुमच्या मनात आलेला प्रश्न : 'माझा पगार धरतात का?' अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमावलीत यावर वर्षानुवर्षं स्पष्ट कलम राहिलंय. आई-वडिलांपैकी एक जरी हयात असेल, तर उत्पन्न फक्त त्यांचं धरायचं, कमावत्या भावंडांचं नाही. म्हणजे तुमच्या पॅकेजमुळे बहिणीची स्कॉलरशिप बुडेल, ही भीती निदान तिथे तरी नको. दुसऱ्या योजनेचा अर्ज भरत असाल, तर त्या योजनेच्या जीआरमध्ये 'कुटुंब' म्हणजे कोण, ते वाचूनच आकडा लिहा.

राहिलं बँक खातं. 'खातं आधारला लिंक आहे' आणि 'खातं डीबीटीसाठी सीडेड आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे खाते नंबरावर नाही, आधार नंबरावर निघतात. आणि त्या आधारला शेवटची कुठली बँक जोडलीय, ते एनपीसीआयच्या नोंदीवरून ठरतं. एका वेळी एकच बँक. पोराने मध्येच कॅशबॅकच्या नादात एखाद्या पेमेंट्स बँकेत खातं उघडलं आणि तिथे 'हो, हो' करत टिक मारली, तर स्कॉलरशिप तिकडे जाऊन बसते आणि घरचे गावातल्या बँकेत पासबुक भरून भरून दमतात. कुठली बँक जोडलेली आहे, ते आधारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसतं. अर्ज भरायच्या आधीच बघा.

दिल्लीची स्कॉलरशिप, पण कोटा महाराष्ट्राचा

बारावीला उत्तम मार्क मिळवणाऱ्यांसाठी केंद्राची एक योजना आहे, तिच्याकडे आपल्याकडे फारसं लक्ष जात नाही. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची 'सेंट्रल सेक्टर स्कीम'. यात देशभरात दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या असतात, निम्म्या मुलींसाठी. गंमत म्हणजे त्या राज्यांच्या बोर्डांमध्ये १८ ते २५ वयोगटाच्या लोकसंख्येनुसार वाटलेल्या असतात. त्यामुळे आपल्या एचएससीच्या मुलांची स्पर्धा आपल्याच बोर्डाच्या मुलांशी असते, सीबीएसईवाल्यांशी नाही. सायन्स, कॉमर्स, आर्ट्सचं प्रमाणही ठरलेलं आहे, ३:२:१. आर्ट्सला चांगले मार्क आहेत म्हणून संकोच करू नका, तुमची रांग वेगळी आहे.

बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत. पदवीला वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण एखाद्या मुलाचं मेसचं बिल बरंचसं निघतं. मेख एवढीच, की ही घ्यायची तर दुसरी स्कॉलरशिप किंवा फीमाफी घेता येत नाही. त्यामुळे ज्याला राज्याकडून अर्धी फी मिळतेय, त्याने हिच्या मागे लागू नये. साध्या बीए-बीकॉमला, जिथे फीच कमी असते, तिथे ही भारी पडते.

फी सुटली तरी शहरात राहायचं कुठे? वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरसारख्या शहरांत जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' आणि ओबीसींसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' याच धर्तीवर आहेत. अट अशी, की मुलगा त्या शहरातला रहिवासी नसावा. कॉट बेसिसवर राहिलेल्यांना या ६० हजारांची किंमत वेगळी सांगायला नको.

सबमिट केलं... आणि मग?

मग खरी कसोटी! अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला क्लार्क कागद तपासतो आणि तो पुढे खात्याकडे पाठवतो. कॉलेजमध्ये अर्ज 'पेंडिंग' राहणं, हा सगळ्यात नेहमीचा आजार. या क्लार्कना उगाच शिव्या देऊ नका. एका टेबलावर शेकडो अर्ज आणि वर पोर्टलचा स्पीड. मुलाला प्रिंट घेऊन प्रत्यक्ष जाऊन भेटायला सांगा, नम्रपणे आणि पुन्हा पुन्हा. अर्ज त्रुटीसाठी परत आला असेल, तर ते पोर्टलवर लॉगिन केल्याशिवाय कळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा स्टेटस बघायचंच.

दुसरं, पैसे उशिरा येतात. फॉर्म भरला म्हणून महिन्याभरात खात्यात टिंग वाजेल, या हिशोबाने घरचं बजेट लावू नका. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिकमध्ये तर केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असे दोन वाटे आहेत. पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते. घरी एकदम हजारो रुपये आलेले दिसले, की खतं, औषधं, कुणाचं तरी देणं, सगळं आठवतं. मग वर्षाच्या शेवटी कॉलेज मार्कशीट अडवतं. यात वाईट वागणारं कुणी नसतं, पण हे आधी बोलून ठेवलेलं बरं, आणि ते तुम्ही बोललात तर घरात ऐकतात.

तुमच्या घरात कॉलेजवयाचं कुणी नसेलही. पण तुमच्या सोसायटीचा वॉचमन, ऑफिसातला चहावाला, स्वयंपाकाच्या ताईंची मुलगी? त्यांना विचारायला काय जातं? ऑफिसचा स्कॅनर तसाही संध्याकाळी सातनंतर रिकामाच असतो.

आणि हो, हे एका वर्षाचं काम नाही. दरवर्षी रिन्यूअलचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आपोआप काही होत नाही. केंद्राच्या स्कीममध्ये त्यासाठी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. फोनमध्ये आत्ताच दोन रिमाइंडर लावून टाका. पहिला १ एप्रिलचा, 'उत्पन्नाचा दाखला'. दुसरा जुलैचा, 'रिन्यूअल सुरू झालं का बघ'. पासवर्डची चिठ्ठी कुठे ठेवलीय, तेही त्यातच लिहा.