मोटारसायकलचा स्पार्क प्लग घेताना नंबर आधी वाचा

आपल्या मोहल्ल्यांत मोटारसायकल ही हौसेची वस्तू कमी आणि रोजीची जास्त आहे. पहाटे बेकरीचा पाव पोहोचवणारा, दिवसभर पार्सल टाकणारा, कपड्यांचा गठ्ठा बांधून आठवडी बाजार गाठणारा, या सगळ्यांचा दिवस गाडीच्या पहिल्या किकवर सुरू होतो. गाडी अडली की त्या दिवसाची कमाई गेली. अडण्याच्या कारणांत एक छोटा भाग वारंवार निघतो, तो म्हणजे स्पार्क प्लग. साधा प्लग शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो, त्यामुळे त्याचा फारसा विचार कोणी करत नाही. "उस्ताद, एक प्लग टाका" एवढे सांगून आपण चहा प्यायला निघून जातो. उस्तादकडे डब्यात जो असेल तो बसतो.

बहुतेक वेळा निभावूनही जाते. पण नंबर चुकला आणि गाडी लांबच्या रस्त्यावर ओझे घेऊन तापली, तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मग इंजिन खोलावे लागते आणि शंभर रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचा खर्च अंगावर येतो. म्हणून प्लग कसा निवडायचा हे आम्ही थोडे सविस्तर सांगणार आहोत. यात मिस्त्रीवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच नाही. गाडी आपली आहे, तर तिच्या पोटात काय बसते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

प्लगचे काम ऐकायला सोपे आहे. कॉइलकडून हजारो व्होल्टची वीज येते, मधल्या दांडीच्या टोकावरून बाहेरच्या वाकड्या टोकाकडे उडी मारते आणि त्या ठिणगीने पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. १९०२ मध्ये जर्मनीत बॉश कंपनीचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी हाय व्होल्टेज मॅग्नेटोसोबत असा प्लग चालवून दाखवला. मूळ कल्पना आजही तीच आहे. काम किती पडते ते पाहा. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर मिश्रण मिनिटाला २५०० वेळा पेटवावे लागते. सरासरी ४० च्या वेगाने १०,००० किलोमीटर धावले असे धरले, तर हिशोब पावणेचार कोटी ठिणग्यांवर जातो. एवढ्या ठिणग्यांनी टोक झिजते, मधली फट वाढते, कॉइलवर ताण येतो आणि सकाळी गाडी उठायला कुरकुर करते.

आता मुख्य मुद्दा, प्लगची 'हीट रेंज', म्हणजे तो स्वतः किती गरम राहतो. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. 'गरम प्लग' म्हणजे जोरदार ठिणगी, असे अनेक जण समजतात. ठिणगीचा याच्याशी काही संबंध नाही. टोकाशी साठलेली उष्णता प्लग किती लवकर इंजिनच्या हेडमध्ये सोडून देतो, एवढाच हा प्रश्न आहे. आतल्या पांढऱ्या चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते. तो थंड प्लग.

टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे. त्याखाली राहिले तर काजळी जळून जात नाही, साठत जाते आणि वीज ठिणगी न टाकता काजळीतूनच पळते. फार वर गेले तर टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटवते. पिस्टन वर येत असतानाच वरून मार बसला, तर पिस्टन वितळण्याची वेळ येते. चुकून थंड प्लग बसला तर गाडी फक्त त्रास देते, गरम बसला तर इंजिन खाते. हा फरक लक्षात असू द्या.

आणि इथेच नंबरांचा घोळ सुरू होतो. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनच्या आताच्या नंबरांत मात्र उलटे आहे, तिथे आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यात एनजीके आणि डेन्सो यांचे आकडेही जुळत नाहीत. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२, आणि ८ म्हणजे २४. आपल्याकडे जुने मिस्त्री आजही प्लगला 'मायको' म्हणतात. १९५१ मध्ये सुरू झालेली बॉशची ही भारतातली कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने चालते. त्या काळच्या मायको प्लगवर १७५, २२५ असे मोठे आकडे असत आणि तिथे मोठा आकडा म्हणजे थंड असे होते. म्हणजे एकाच कंपनीची जुनी आणि नवी पद्धत एकमेकींच्या विरुद्ध. तेव्हा "आठ नंबरचा द्या" असे नुसते म्हणून भागत नाही. कंपनी बदलायचीच असेल तर दुकानदाराकडचा तुलनेचा तक्ता मागा. चांगल्या दुकानात तो असतो.

कोड वाचायला एक उदाहरण घेऊ. बाजारात 'सीपीआर८ईए-९' हा एनजीकेचा प्लग नेहमी दिसतो. यातला 'सी' म्हणजे आटे १० मिलिमीटर जाडीचे. तिथे 'डी' असता तर १२ आणि 'बी' असता तर १४. 'पी' म्हणजे आतले नाक थोडे पुढे आलेले. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. ८ ही हीट रेंज. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, 'एच' असता तर १२.७. पुढचा 'ए' बनावटीची खूण आहे आणि शेवटचा ९ म्हणजे फट ०.९ मिलिमीटर. एकदा हे कळले की प्लग हातात घेऊन अर्ध्या मिनिटात निर्णय होतो.

यातली आट्यांची लांबी हलक्यात घेऊ नका. जाडी चुकली तर प्लग बसतच नाही, प्रश्न मिटला. लांबी चुकली तर मात्र तो बसतो! जास्त लांब असेल तर टोक आत घुसून पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकते. आखूड असेल तर ठिणगी खोबणीतच पडते, हेडच्या उघड्या आट्यांवर कार्बन चढतो आणि नंतर योग्य प्लग घालायला गेलात की तो अडकतो.

'आर' अक्षराचीही तीच गोष्ट. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. या गाड्यांचा छोटा कॉम्प्युटर ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने गोंधळू शकतो. रेझिस्टर तो गोंगाट दाबतो. कंपनीने 'आर'वाला सांगितला असेल तर बिगर-'आर' बसवू नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

तरुण मंडळींचा ठरलेला प्रश्न : इरिडियम टाकला तर पिकअप वाढेल का? आमचे मत, पैसे पिकअपसाठी घालवू नका. साध्या प्लगचे टोक निकेलचे असते, ते सुमारे १४५५ अंशांना वितळते. इरिडियम २४०० च्याही पुढे टिकते. म्हणून त्याचे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते, ठिणगीला कमी व्होल्ट पुरतात आणि झीज हळू होते. थंड सकाळी गाडी लवकर उठते, बदलण्याची पाळीही उशिरा येते. पण सुस्थितीतल्या इंजिनाची ताकद त्याने वाढत नाही. कंपनीनेच इरिडियम दिला असेल तर तोच ठेवा. एरवी रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्याला परवडेल, दुकान ते घर एवढीच फेरी असेल तर साधा पुरे. हीट रेंज मात्र दोन्हींत तीच हवी.

पुण्याच्या बजाजची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनांत एका सिलिंडरला दोन प्लग असतात आणि एनएस २०० मध्ये तीन. एखादा बंद पडला तरी गाडी चालत राहते, फक्त दम कमी होतो आणि ॲव्हरेज पडते. मालक पेट्रोल पंपाला दोष देत बसतो. अशा गाडीत समोरचा सहज हाताला लागणारा एकच प्लग बदलून पाठवणारे आहेत. सगळे एकदम बदलायला सांगा आणि जुने सगळे हातात मागून घ्या.

जुना प्लग फेकण्याआधी त्याचे टोक बघा, इंजिनची तब्येत कळते. फिकट तपकिरी किंवा करडा रंग म्हणजे सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आधी एअर फिल्टर आणि चोक पाहा. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेली असेल, नवा प्लगही महिनाभरात तसाच होईल. आरएक्स १०० सारख्या जुन्या टू स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, तिथे थोडा ओलसरपणा चालतो. पांढरेफटक, फोड आलेले टोक सगळ्यात वाईट. इंजिन फार तापते आहे किंवा प्लगच गरम नंबरचा आहे. अशी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नका.

पॉलिश पेपर किंवा तारेच्या ब्रशने प्लग घासायची सवय घराघरात आहे. रस्त्यात अडकल्यावर एकदा चालेल, पण घासलेल्या धातूचे कण पांढऱ्या मातीवर बसले की वीज तिथून गळते. इरिडियमला तर ब्रश लावूच नये, बारीक टोक तुटते. साध्या प्लगची फट फिलर गेजने मोजून बाहेरचे टोक हलके ठोकून जुळवता येते. मधल्या दांडीवर जोर देऊ नका.

प्लग घरी बदलणार असाल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. भोवतालची धूळ-वाळू आधी फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग आधी हाताने फिरवा. शेवटपर्यंत हातानेच गेला पाहिजे. अडला तर तिरका बसतो आहे, काढून पुन्हा लावा. मग प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा. तोच जुना प्लग परत लावताना वायसर आधीच दाबलेला असतो, तेव्हा बाराव्या हिश्श्याएवढा फेरा बास होतो. हेड ॲल्युमिनियमचे असते. जोर लावून आटे गेले, तर लेथवाल्याकडे नवे आटे बसवून घ्यावे लागतात.

नकली मालाबद्दलही सांगायला हवे. नावाजलेल्या कंपनीचा डबा आणि किंमत निम्मी, असे दिसले तर सावध व्हा. पांढऱ्या मातीवरचे अक्षर पुसट आहे का, मधली दांडी बाहेरच्या टोकाच्या बरोबर खाली आहे का, आटे गुळगुळीत आहेत का, हे पाहा. अस्सल प्लगचा वायसर आट्यांवरून सहज निसटून हातात येत नाही. बिल घ्या, दहा रुपये जास्त गेले तरी चालतील.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. पावसात पाण्यातून गाडी काढली आणि ती फटफट करत बंद पडली, तर लगेच नवा प्लग घ्यायला धावू नका. बहुतेकदा प्लग कॅपच्या रबराला चीर गेलेली असते आणि तिथून पाणी शिरते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा, प्लगची मातीही पुसा, गाडी उठेल. पाऊस सुरू होण्याआधी ती कॅप एकदा वाकवून चिरा तपासा. धुलाई केंद्रात प्रेशरचा पाइप थेट प्लगच्या खोबणीत मारू देऊ नका.

प्लग कधी बदलायचा आणि नेमका कोड कोणता, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले असते. निकेलच्या प्लगला बऱ्याच गाड्यांत ८ ते १२ हजार किलोमीटरचा अंदाज धरतात, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आत बसलेल्या प्लगवर भरवसा ठेवू नका. आधीच्या मालकाने काय टाकले कोणास ठाऊक. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि साल सांगून कोड विचारा, तो कागदावर लिहून आरसी बुकच्या पाकिटात ठेवा. घरातल्या मुलीने स्कूटर दुरुस्तीला नेली तरी तो कागद दाखवून "हाच प्लग हवा" असे ती सांगू शकेल.